ताम काकूची जीभ

नव्या वर्षाचा सण आटोपला, दारातल्या झाडाची पिवळी फुलं झडून गेली, की आमच्या कालव्यावरची माणसं ताम काकूच्या पायऱ्यांकडे कान लावून बसत. उजाडताच काकू पाण्यालगतच्या पायरीवर उकिडवी बसायची, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, या गालातून त्या गालात खेळवायची आणि पचकन थुंकायची. मग कुणाकडेही न बघता निकाल द्यायची. "गोडं आहे अजून," किंवा "खारं चढलं." खारं चढलं म्हटलं की तासाभरात कालव्यावरच्या झाडून सगळ्या माडाच्या वाड्या आपापल्या पाटांच्या झडपा पाडून मोकळ्या होत. कोरड्या दिवसांत नदी रोडावते आणि समुद्र वर येतो, त्याला कुणाचा बाप अडवत नाही. पण तो आपल्या उंबऱ्याशी नेमका कधी पोचला हे काकूची जीभ सांगे. चाळीस वर्षं हा कारभार चालला.

काकूचं खरं नाव लान्ह. पण आमच्या बेन त्रे भागात बायामाणसांना नावाने हाक मारणं म्हणजे भांडण उकरून काढणं. भावंडांत जिचा जो क्रम, तेच तिचं नाव. ताम म्हणजे आठवी. या आठवीला आपल्या जिभेचा ताठा होता, आणि तो तिने लपवलाही नाही. सरकारने वस्तीवस्तीत खार मोजायच्या पेनसारख्या काड्या वाटल्या तेव्हा काकू म्हणाली होती, "पेनने लिहितात. पाणी तोंडाने पितात." यावर सगळे हसले होते, आणि काड्या खिशात घालून घरी गेले होते.

घरात माणसं दोनच, काकू आणि तिची सून थोम. मुलगा खोय सायगावच्या पलीकडे बुटांच्या कारखान्यात. सणाला यायचा, एरवी फोनवर. थोम वरच्या अंगाची, जिथे नदी बारा महिने गोडी. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात ती सासूला म्हणाली होती, "आई, इथलं पाणी जरा मचूळ लागतं का हो?"

काकू पायरीवर होती, अवतीभवती चार माणसं होती. ती म्हणाली, "वरच्या अंगाच्या पोरींच्या जिभा उसाच्या रसात वाढलेल्या. दोन वर्षं राहा, मग पाण्याबद्दल बोल."

माणसं हसली, थोमही कसनुसं हसली. ते बोलणं काकू त्याच दिवशी विसरली. सून विसरली नाही.

घरामागे पावसाच्या पाण्याचे सहा रांजण होते. २०१६ साली समुद्राने सणाचीही वाट पाहिली नाही, आधीच वर आला, आणि सणापर्यंत पाच रांजण खडखडीत झाले. सहावा काकूने झाकण घालून, वर दगड ठेवून बंद केला होता. तो पितरांचा. रोज सकाळी देव्हाऱ्यावर पूर्वजांच्या तसबिरींपुढे त्यातली एक वाटी ठेवायची, आणि दुसऱ्या महिन्यात नवऱ्याची तिथी आली की पाहुण्यांचा चहा त्यातूनच करायचा. पितरांपुढे मचूळ पाणी ठेवायचं नाही, ही त्या घरची रीत. जिवंत माणसं कालव्याचं पाणी पीत. त्यात तुरटी फिरवायची, निवळू द्यायचं, खळखळ उकळायचं. आता तुरटीने गाळ बसतो, उकळल्याने जंतू मरतात, पण मीठ कुठेही जात नाही. उलट वाफ जाईल तसं ते जास्त दाटतं. शाळेत जाणाऱ्या कुणालाही हे सांगता येईल. पण ज्या घरात चाळीस वर्षं निकाल दिले जातात, तिथे शाळेतलं कोण विचारतो?

थोमला सातवा महिना लागला आणि तिचे पाय सुजले. काकूने एकदा तिच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहिला. खळगा पडला तो भरून येईना. त्या दिवसापासून काकूचं जेवण तुटलं.

कारण तिने हे पाहिलं होतं. काकू पंधरा वर्षांची असताना तिची थोरली बहीण आठव्या महिन्यात अशीच सुजली होती. आधी पाय, मग तोंड. मग म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. होडीत घालून दवाखान्याकडे निघाले तेव्हा तिचं डोकं काकूच्या मांडीवर होतं. अर्ध्या वाटेत तिने हाकेला ओ देणं बंद केलं, मग अंगाला झटके आले, मग काहीच नाही. पोटातलंही गेलं. काकूने हे खोयला कधी सांगितलं नव्हतं, आणि थोमला तर मुळीच नाही. पण थोम सकाळी उठून "आई, डोकं ठणकतंय," म्हणाली, की काकूच्या मांडीला ते जुनं वजन जाणवायचं.

वस्तीच्या आरोग्य केंद्रातली हान्ह बाई सुईण येऊन रक्तदाबाचा पट्टा बांधून गेली. वरचा आकडा एकशे पन्नास. तिने गोळ्या दिल्या आणि बजावलं, "मीठ बंद. मासळीचा खारा रस बंद, सुकी मासळी बंद, लोणचं बंद." काकूने मिठाची बरणी सरळ कालव्यात उपडी केली. माशाच्या रसाची बाटली पलीकडच्या चिन भावजींना देऊन टाकली. दोघी अळणी भात, अळणी भोपळा, अळणी अंडं खाऊ लागल्या. थोम पहिल्या घासाला डोळे मिटायची आणि गिळायची. काकू म्हणायची, "खा. औषध समजून खा. मीही खातेय ना?"

आठ दिवसांनी हान्ह बाई परत आली. पट्टा फुगवला, सोडला, परत फुगवला. एकशे अठ्ठावन्न.

"काकू, हिला लपून खारं देताय का?"

"माझ्या नवऱ्याच्या तसबिरीची शपथ. घरात मिठाचा खडा नाही."

"मग थोम, तू शेजारी जाऊन खातेस?"

थोमने मान हलवली. हान्ह बाईची नजर चुलीवरच्या किटलीवर गेली. तिने झाकण उचललं. आतल्या कडेला पाण्याच्या रेघेवर पांढरा थर होता. "हे कुठलं पाणी?"

"कालव्याचं. तुरटी फिरवलेलं, उकळलेलं. गोडं आहे, मी स्वतः चाखते."

हान्ह बाईने पिशवीतून पेन काढली, पेल्यात बुडवली आणि काकूपुढे धरली. "लिटरमागे दोन ग्रॅमच्या आसपास मीठ आहे यात. तुम्ही ताटातलं काढलंत आणि पेल्यातनं पाजताय."

"तुझी पेन बिघडलीय."

"बिघडू शकते. दुसरीकडे तपासा. पण तोवर हिला हे पाणी नको. पाण्यानेच दुखणं आलं असं मी म्हणत नाही काकू, याला दहा कारणं असतात. पण आगीत तेल कशाला?" मग ती थोमकडे वळली. "डोळ्यांपुढे चमकायला लागलं, नाहीतर बरगडीखाली दुखलं, तर माझी वाट बघायची नाही. सरळ मोठं इस्पितळ."

ती गेली. काकूने दोन बशा घेतल्या. एकीत पितरांच्या रांजणातलं पाणी घातलं, दुसरीत किटलीतलं, आणि दोन्ही बशा न्हाणीच्या पत्र्यावर उन्हात ठेवल्या. आमच्याकडचं ऊन काही विचारू नका. दुपारपर्यंत दोन्ही सुकल्या. पहिलीवर धुळीचा नुसता वास. दुसरीवर पांढरं कडं, आणि मधे चुरचुरीत साय. काकूने ती बोटाने खरवडली आणि जिभेवर ठेवली.

जिभेला काहीतरी टोचलं, इतकंच. खारट नाही, गोड नाही. नखाचा तुकडा ठेवावा तसं. तिने परत खरवडलं, परत ठेवलं. समोर डोळ्यांना मीठ दिसत होतं आणि तोंडात मीठ नव्हतं. काकूच्या तोंडचं पाणी पळालं. त्रेसष्ट वर्षांची बाई पत्र्याला धरून उभी राहिली.

बशी तशीच हातात घेऊन ती नारळाच्या ओंडक्याच्या पुलावरून पलीकडे गेली. चिन भावजी माडाखाली झोळीत पडले होते. सत्तरी उलटलेला, दातांनी रजा घेतलेला माणूस. काकूच्या नवऱ्याचा दोस्त. काकूच्या घरी भाताच्या दारूची भट्टी चालायची तेव्हाचं पहिलं गिऱ्हाईक.

"भावजी, हे चाटून बघा."

त्यांनी चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "मीठ देतेस काय वहिनी? मला वाटलं, काही गोडधोड आणलंस."

"हे माझ्या किटलीतलं आहे. मी सकाळी काय सांगितलं होतं?"

चिन भावजी झोळीत उठून बसले. टोपी काढली, परत घातली. "गोडं आहे, म्हणालीस."

"मग तुम्ही तुमची झडप उघडलीत?"

"नाही."

"का नाही?"

"वहिनी, रागावणार नसशील तर सांगतो. गेली दोन वर्षं आम्ही तुझं ऐकून घेतो, आणि मग घरी जाऊन पेन बुडवतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"आता कोणाकोणाची नावं घेऊ? सगळेच."

"मग रोज सकाळी माझ्या पायरीशी येता कशाला?"

"तू बसलेली असतेस ना," भावजी म्हणाले. "तू बसल्यावर आम्ही न येऊन कसं चालेल?"

काकूने बशी छातीशी धरली. "माझी भीड राखलीत आणि माझ्या सुनेला मारायला निघालात."

"असं नको बोलू. आम्हाला वाटलं, तुझ्याकडे पावसाचं पाणी आहे, तेच ती पीत असेल. पोटुशी बाईला कालव्याचं कोण पाजतं?"

त्यांनी ते टोचायला म्हटलं नव्हतं. खरं तर त्यांना उत्तरही नको होतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. पण भिकेत माणूस निदान हात पुढे करतो. भिडेत आख्खी वस्ती हात बांधून उभी राहते, आणि एक पोरगी खारं पाणी पिऊन सुजत जाते. काकू परत फिरली. ओंडक्यावर मधेच थांबून तिने खाली पाण्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्या पाण्याची भीती वाटली.

घरी येऊन तिने सहाव्या रांजणावरचा दगड उतरवला. आत वीतभर पाणी होतं. सणातल्या पाहुण्यांचा चहा, रोजची वाटी, नव्या वर्षाच्या दिवशी तसबिरी पुसायलासुद्धा तेच पाणी. पितर गेले दोन महिने गोडं पीत होते. प्यायला आणि भात शिजवायला धरलं तर हे चार-पाच दिवस पुरलं असतं, आणि पावसाला अजून दोन महिने होते. होडीतून गोडं पाणी विकणारा यायचा, पण या साली तो कधी येईल याचा भरवसा नव्हता. आला तरी त्याच्या पिंपात काय आहे हे कोण सांगणार? काकू? तिला स्वतःच्या तोंडातलं मीठ कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायरीवर गेली नाही. माणसं आली, उभी राहिली, एकमेकांकडे बघून निघून गेली. काकू न्हाणीमागे शिडी लावून आढ्यावरून भट्टी उतरवत होती.

ही भट्टी तिच्या सासूची. मोठं पातेलं, त्यावर फणसाच्या लाकडाचं झाकण, झाकणातून निघालेली तांब्याची नळी, आणि ती नळी गार पाण्याच्या रांजणातून जाऊन पलीकडे बाटलीत उतरते. वीस वर्षं काकूने यात आंबवलेला भात उकळून दारू पाडली होती. नवरा गेला आणि घरात पिणारं कुणी उरलं नाही, तेव्हा तिने ती वर टांगली. दारू चढते ती वाफ होऊन, आणि भात खाली राहतो, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. मग पाणी चढेल आणि मीठ खाली राहील. तसबिरीतल्या सासूकडे बघून ती म्हणाली, "तुमची भट्टी पाण्याला वापरतेय. हसायचं तर हसा."

झाकणाच्या कडेला भाताच्या कोंड्याचं लिंपण घातलं, खाली नारळाची सोडणं पेटवली. सोडणांना आमच्याकडे तोटा नाही. पहिली दोन पातेली नळी धुण्यात गेली, कारण पाण्याला दारूचा वास येत होता. चिन भावजी वासावर आले.

"वहिनी, देवाने माझं ऐकलं म्हणायचं."

"पाणी आहे."

"दारूच्या भट्टीतनं पाणी? मुलगा जन्मला की पहिला माझ्याकडे पेला मागेल."

"मुलगी झाली तर?"

"तीही मागेल. तुझीच नात."

थोम हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली. काकूला ते ऐकून बरं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली, की हे हसणं आता मोजून ठेवायला हवं. भावजी मात्र नुसते थट्टा करून गेले नाहीत. रोज सकाळी सोडणांची मोळी ओंडक्यावरून आणून टाकू लागले. अपराधी माणूस काम बरं करतो.

तिसरं पातेलं काकूने काठोकाठ भरलं. घाई झाली होती. पहाटे थोमचं डोकं दुखलं होतं आणि रांजणाचा तळ दिसू लागला होता. खाली जाळ मोठा केला. भट्टी चालवणाऱ्याला माहीत असतं की पातेलं गळ्यापर्यंत भरलं आणि जाळ वाढवला की भट्टी ओकते, उकळी उडून थेट नळीत शिरते. काकूला हे वीस वर्षं माहीत होतं. पण घाबरलेल्या माणसाचं शहाणपण सगळ्यात आधी पळतं.

नळीखालचा कॅन भरला. तिने पेला थोमला दिला. "कसं आहे?"

"चांगलं आहे आई."

"खारट नाही ना?"

"नाही, आई."

काकूला ते ऐकून हायसं वाटायला हवं होतं. पण तिने एक चमचा बशीत घातला आणि पत्र्यावर ठेवला. सुकल्यावर पांढरं कडं आलं. बशी घेऊन ती आत गेली आणि सुनेपुढे धरली. "हे खारट नाही?"

थोमने बशी घेऊन जमिनीवर ठेवली.

"तुला कळत होतं?"

"हो."

"मग खोटं का बोललीस? मला कळत नाही गं. माझी जीभ मेली. तू खरं नाही सांगितलंस तर मी तुला माझ्याच हाताने..."

"तुम्हीच म्हणाला होतात, दोन वर्षं राहा, मग बोल," थोम हळूच म्हणाली. "अजून दोन वर्षं पुरी व्हायचीत." हे बोलताना ती रडत होती, आणि तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काकूला सोपं गेलं असतं.

काकूने तिचे सुजलेले पाय मांडीवर घेतले आणि दाबत बसली. "इथून पुढे खोटं बोलायचं नाही," ती म्हणाली. "माझ्या तोंडावर सांगायचं. चारचौघांत सांगायचं." थोम हो म्हणाली. पण ती प्रत्येकच गोष्टीला हो म्हणायची, म्हणून काकूचा त्या होवर विश्वास बसला नाही.

ओकलेल्या पाण्याचा कॅन तिने दांडीला लाल दोरा बांधून पाय धुण्यासाठी बाजूला ठेवला. यानंतर प्रत्येक पातेल्याची बशी पत्र्यावर गेली. बशी स्वच्छ सुकेपर्यंत ते पाणी थोमला द्यायचं नाही. ढग आले की काकू अंगणात येऊन आकाशाकडे बघायची आणि पुटपुटायची. सगळा कालवा पावसासाठी नवस करत होता आणि ही एकटी उन्हासाठी.

नवऱ्याची तिथी आली. चार शेजारी जेवायला आले. काकूने तसबिरीपुढे कालव्याच्या पाण्याची वाटी ठेवली आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गोडं पाणी पोटातल्याला ठेवलंय. तुमचं भागवा यावर." चहाचा घोट घेऊन चिन भावजी म्हणाले, "वहिनी, चहा खारट आहे." काकू म्हणाली, "दोन वर्षं उशिरा बोललात. पण बोललात."

पंधरा दिवसांनी पट्ट्यावर एकशे चाळीस आलं. सूज थोडी उतरली. हान्ह बाई म्हणाली, गोळ्यांचा गुण असेल, पाण्याचाही असेल, आपण दोन्ही चालू ठेवू. काकूला त्या रात्री झोप लागली. पुढचे तीन आठवडे असेच, थोडं वर, थोडं खाली. आठवा महिना सरत आला.

मग एका सकाळी, दहाच्या सुमाराला, थोम दाराला धरून म्हणाली, "आई, भिंतीवर काजवे आहेत."

बाहेर लख्ख ऊन होतं.

काकूने पलीकडे हाक मारली ती साऱ्या कालव्याने ऐकली. चिन भावजींनी इंजिनाची होडी आणली. हान्ह बाई फोनवर म्हणाली, निघा, धक्क्यावर गाडी उभी करते. काकूने कपड्यांचं गाठोडं घेतलं, पाण्याचा कॅन घेतला, छत्री घेतली, आणि होडीच्या तळाला बसून सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. घेतल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण कशा बसलो आहोत. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीसारखेच. तेच डोकं जड होणं, तेच इंजिनाशिवाय काही ऐकू न येणं.

"थोम."

"ओ."

माड मागे जात होते. भावजी एका हाताने सुकाणू धरून पुढे बघत होते, खाली बघायची त्यांची छाती होत नव्हती.

"थोम."

"ओ, आई."

पुढच्या वळणावर काकूने परत हाक मारली. उत्तर आलं नाही. डोळे अर्धे उघडे होते. काकूने गालावर थापटलं, परत हाक मारली, नावाने, मग लेकी म्हणून, मग नुसतंच ए, ए. थोमचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. काकूने कॅनचं बूच काढलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि तिच्या ओठांना लावलं. थोमने घोट घेतला.

आणि थुंकली. काकूच्या सदऱ्यावर, पचकन.

"शी," ती म्हणाली. "आई, हे खारट आहे."

काकूने कॅनकडे पाहिलं. दांडीला लाल दोरा होता. घाईत पाय धुण्याचं पाणी उचललं होतं.

"काय म्हणालीस?"

"खारट आहे. कसलं पाणी आणलंत हो तुम्ही?"

"परत म्हण."

"खारट आहे, आई."

"अजून म्हण. म्हणत राहा. मला शिव्या घाल हवं तर. गप्प बसू नकोस."

थोमने शिव्या घातल्या नाहीत, पण धक्का येईपर्यंत ती बोलत राहिली. पाणी खारट, भात अळणी, भोपळ्याचा तर वीट आलाय, आणि वरच्या अंगाच्या पोरींच्या जिभा उसाच्या रसात वाढत नाहीत, आई, विहिरीच्या पाण्यात वाढतात. काकू प्रत्येकाला हो म्हणत होती. चिन भावजी पुढे बघत खांद्याला डोळे पुसत होते.

मोठ्या इस्पितळात तिला दारावरूनच आत नेलं. सुई टोचली, बाटली लावली, आणि संध्याकाळी पोट उघडून मुलगी काढली. पावणेदोन किलोची. काचेच्या पेटीत ठेवली तेव्हा तिचा हात काकूच्या अंगठ्याएवढा होता. डॉक्टर म्हणाले, मूल झालं म्हणजे धोका गेला असं नाही, आईचे दोन दिवस अजून बघावे लागतील. काकू दाराबाहेर फरशीवर बसून राहिली. दार उघडलं की ती उठून उभी राहायची, बंद झालं की बसायची. खोय रातोरात येऊन पोचला, तेव्हा तिने त्याला नुसतं दार दाखवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, आकडा उतरतोय, आता भेटा, चमच्याने पाणी द्यायला हरकत नाही. खोयने फाटकावरून बाटलीतलं पाणी आणलं. काकूने बाटली उलटसुलट बघितली. बूच उघडून चार थेंब झाकणात घातले आणि ते झाकण खिडकीच्या कठड्यावर उन्हात ठेवलं. परिचारिका म्हणाली, "आजी, हे काय?" काकू खाटेशी उभी राहिली आणि झाकणाकडे बघत राहिली.

थोमचे ओठ सुकून फुटले होते. "आई, पाणी."

"थांब जरा. सुकू दे."

"आई, द्या तर."

काकूने चमचाभर दिलं. थोमने ते तोंडात घेतलं, आणि गिळण्याआधी या गालातून त्या गालात फिरवलं. मग गिळलं.

"गोडं आहे," ती म्हणाली.

काकू तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मग ती खिडकीशी गेली, कठड्यावरचं झाकण उचललं, ते अजून ओलंच होतं, आणि तिने ते सदऱ्याला पुसून बाटलीला लावलं.